मागच्या खोलीतल्या चालीचा शेवट

ती. स्व. सौ. वहिनी यांस,

धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार. (हा नुसता कागदावरचा समजू नका. आज सकाळीच लॉजच्या जिन्यावर माझा पाय सटकला आणि मी आठही अंगांनी जमिनीला टेकलो. पाठीवर माणसाएवढा डबल बेस होता, म्हणजे नववं अंगही म्हणायला हरकत नाही. तोंड नेमकं आपल्या गावाच्या दिशेला होतं असं ड्रमवाल्या धडाक्याचं म्हणणं, तेव्हा नमस्कार रुजू झाला असं धरून चाला.) वर हात सवयीने 'सौ.' लिहून गेला. खोडायला पेन उचललं आणि परत ठेवलं. माझ्याच्याने नाही होणार ते. तुम्हाला बघवत नसेल तर तुम्ही खोडा, नाहीतर राहू द्या तसंच.

गुडघा कसा आहे? शेक घेता का, की डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मुद्दाम घेत नाही? खालच्या मजल्यावरच्या काकू अजून रोज येऊन बसतात का, आणि बसल्या तर उठतात का? न्हाणीघरातला नळ गळतो का अजून? तो दादाने का दुरुस्त केला नाही हे तुम्हाला ठाऊक नसेल, आता सांगायला हरकत नाही. तुम्ही समजत होतात आळस. त्याचं म्हणणं असं, की इतका चोख ठेका धरणारं आपल्या ताफ्यात दुसरं कोणी नाही. हे तो धडाक्यासमोर म्हणाला होता. धडाका त्यानंतर बरेच दिवस आपल्या घरी हात धुवायला न्हाणीत जायचा नाही, बाहेरच्या बादलीत धुवायचा.

आमचं म्हणाल तर सगळं उत्तम. तब्येती ठणठणीत, कार्यक्रम रंगताहेत, जेवणाखाण्याची आबाळ नाही. माझं मागणंबिगणं काही नाही. (भाऊजींचं पत्र आलं म्हणजे आवळा देऊन कोहळा काढायला बसले असणार, असं तुम्ही पाकीट फोडायच्या आधीच म्हणाला असाल. तर तसं नाही.) खुशाली कळवावी म्हणून सहज लिहायला बसलो.

दादा गेल्यानंतरचा हा आमचा पहिला दौरा. न्यावा की नाही यावर आमचं घोडं पेंड खात होतं, तेव्हा तुम्हीच म्हणालात, जा, घरी बसून एकमेकांची तोंडं किती बघणार. फक्त मला त्यातलं काही ऐकवू नका, असंही म्हणालात. मी ऐकवत नाही, नुसतं सांगतो. कार्यक्रम तोच आहे. आधी जगभर वाजून वाजून गुळगुळीत झालेल्या जुन्या जॅझच्या चाली, मग मध्यंतर, मग आमच्या स्वतःच्या, आणि सगळ्यात शेवटी दादाची 'मागच्या खोलीतली चाल'. माणसंही तीच. पियानोवर मास्तर, ड्रमवर धडाका, सॅक्सोफोनवर दातांच्या डॉक्टरीणबाई (दिवसा दुसऱ्याच्या तोंडात हत्यारं घालतात, संध्याकाळी स्वतःच्या), आणि सगळ्यांच्या मागे डबल बेस धरून मी, ज्याला तुम्ही लग्न होऊन आलात त्या आठवड्यापासून 'खांब' म्हणता. फक्त पुढे ट्रम्पेट नाही. पोस्टरं मात्र आधीच छापून झाली होती, त्यांवर दादा मधोमध गाल फुगवून उभा आहे. कार्यक्रम ठरवून देणारे गृहस्थ म्हणाले, वरून एक पट्टी चिकटवू. ती कोणी चिकटवली नाही. त्यामुळे पोस्टरवर पाच आणि स्टेजवर चार असा हिशोब बसतो, आणि एखादा चौकस माणूस मध्यंतरात येऊन पाचवे कुठे आहेत म्हणून विचारतोच. पहिल्यांदा विचारलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते जरा मागे राहिलेत. आता सगळीकडे तेच सांगतो.

धडाका कार्यक्रमाआधी स्टेजवर खडूने फुल्या मारतो, कोणी कुठे उभं राहायचं त्याच्या, हे तुम्ही पाहिलंय. तो अजून पाच मारतो. एके ठिकाणी आमची ओळख करून देणारा निवेदक, भारी कोट घातलेला, बरोबर मधल्या फुलीवर जाऊन उभा राहिला. डॉक्टरीणबाईंनी त्याला सॅक्सोफोनच्या तोंडाने कोटाला ढोसत ढोसत पडद्यापर्यंत नेलं. त्याने उरलेलं भाषण पडद्याआडून केलं. लोकांना वाटलं ही पण एक पद्धत असते.

आमच्यात कसं असतं ते इतकी वर्षं तुमच्या कानावर पडतंय (तुम्ही 'भोंगा झाला का वाजवून' एवढंच विचारायचात, तरी पडलंच असेल). आधी सगळे मिळून चाल वाजवायची, मग एकेकाची पाळी. ज्याची पाळी, त्याने मनात येईल तिकडे भटकून यायचं, आणि बाकीच्यांनी खाली जमीन धरून ठेवायची, म्हणजे त्याला परत यायला जागा राहते. आता दादाची पाळी आली की मी, मास्तर आणि धडाका जमीन धरून ठेवतो आणि वर कोणी नसतं. असं करू या असं कोणी म्हटलं नव्हतं. पहिल्याच कार्यक्रमात त्याची पाळी आली आणि कोणाचा हातच पुढे झाला नाही. एवढंच. एका गावच्या वर्तमानपत्रात याला 'मौनाचा धाडसी प्रयोग' म्हटलंय, आणि 'या कलावंतांनी न वाजवलेले सूर वाजवलेल्यांपेक्षा सरस होते' असंही. मास्तरांना याचा राग आला. मला नाही आला. त्या लिहिणाऱ्याला काय माहीत, की न वाजवलेले सूर कोणाचे होते.

पण हे सगळं निभावतं. निभावत नाही तो शेवट. बाकी प्रत्येक चालीला शेवट आहे, कागदावर लिहिलेला. दादाच्या त्या चालीला नाही. मास्तर कागद घेऊन त्याच्या मागे लागायचे, शेवट सांगा, लिहून ठेवतो, उद्या कामाला येईल. तर दादा म्हणायचा, लिहायचं काय त्यात, मी थांबत नाही मास्तर, मला थांबवतात. मास्तरांनी याचं अध्यात्म केलं. शिकवणीच्या पोरांना ते हे वाक्य डोळे मिटून सांगतात, आणि पोरं तेवढ्या वेळात पियानोच्या आडून पळून जातात. प्रत्यक्षात दादा स्टेजवर कधीतरी थांबायचा आणि आम्ही चौघे त्याच्याबरोबर थांबायचो, दार लोटल्यावर रस्त्याचा आवाज बंद व्हावा तसे. त्यात कधी चूक झाली नाही. कसे थांबायचो हे कधी कोणी कोणाला विचारलं नाही.

आता विचारलं, तर चौघांची चार उत्तरं. मास्तर म्हणतात, तो मान किंचित डावीकडे वळवायचा. धडाका म्हणतो, मान कसली, उजवी टाच उचलायचा. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, गालातली हवा एकदम सोडून द्यायचा. (दातांच्या डॉक्टरचं लक्ष तोंडापलीकडे जात नाही, असं मी म्हणालो, त्यावर त्यांनी माझ्या अक्कलदाढेबद्दल जे मत दिलं ते इथे लिहीत नाही.) मला विचाराल तर डावं कोपर खाली यायचं. म्हणजे इतकी वर्षं आम्ही एकाच माणसाकडे बघत होतो आणि प्रत्येकाकडे त्याचा एकेक तुकडा आहे. तुकडे जुळवावेत तर पूर्ण माणूस काही होत नाही.

पहिल्या गावी ती चाल सुरू झाली ती थांबेचना. लोकांनी मधेच टाळ्या वाजवल्या, आम्ही चालूच. त्यांनी परत वाजवल्या, या वेळी जरा काळजीने. मग कोणी पिशव्या उचलल्या, कोणी छत्र्या शोधल्या, हॉलचा शिपाई मागच्या रांगेच्या खुर्च्या एकात एक घालू लागला. शेवटी धडाक्याच्या हातातली काठी निसटून दुसऱ्या रांगेतल्या एका आजोबांच्या मांडीत पडली आणि चाल संपली. आजोबांनी ती परत दिली नाही, आठवण म्हणून नेली. दुसऱ्या गावी ठरलं की मास्तरांनी मान हलवायची आणि सगळ्यांनी थांबायचं. पण मास्तरांची मान मुळात कधी स्थिर असते? ते चहाला नको म्हणतात तेव्हाही लोक त्यांना कप भरून देतात. चाल सुरू झाल्याझाल्या धडाका थांबला, मग दचकून सुरू झाला, मग डॉक्टरीणबाई थांबल्या, मग मी. त्या संध्याकाळी आम्ही इतक्या वेळा थांबलो, की लोकांना वाटलं वीज ये-जा करतेय.

मग ठरलं की फेऱ्या मोजायच्या आणि ठरल्या फेरीला बंद करायचं. हे सगळ्यांना पटलं, कारण त्यात डोकं लागत नव्हतं. त्या दिवशी मी, मास्तर आणि धडाका तिघेही वेगवेगळ्या फेरीला थांबलो, पण डॉक्टरीणबाई थांबल्याच नाहीत. त्या एकट्या वाजवत राहिल्या. मी मागून बघतो तर त्यांचे खांदे हलताहेत. रडत होत्या. सॅक्सोफोन वाजवताना रडता येत नाही हो वहिनी, श्वास एकच असतो, तो एक तर इकडे द्यायचा नाहीतर तिकडे. त्या दोन्हीकडे देत होत्या. आत पाणी साचून शेवटी सुरांऐवजी गुळगुळ आवाज यायला लागला, तेव्हा धडाक्याने उठून त्यांच्या हातातून तो काढून घेतला. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, मी मोजत होते, खरंच मोजत होते, पण मधल्या फुलीकडे लक्ष गेलं आणि आकडा गेला.

चांगला शेवट एकदाच झाला. एका सूतगिरणीत दुपारच्या सुट्टीत कार्यक्रम होता, जेवणाच्या लांबलचक खोलीत, बाकांवर कामगार बसलेले, समोर रिकामे डबे. आम्ही दादाची चाल घेतली आणि ऐन भरात सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. आम्ही गप्पकन थांबलो. सगळे कामगार उभे राहून टाळ्या वाजवत कामावर गेले. धडाका इतका खूश झाला की भोंगा विकत मिळतो का म्हणून चौकीदाराला विचारून आला. (मिळतो म्हणे. पण तो गच्चीवर बसवावा लागतो.)

यानंतर ते कार्यक्रम ठरवून देणारे गृहस्थ कंटाळले आणि त्यांनी दादाच्या जागी एक ट्रम्पेटवाला पाठवला. तरुण, नम्र, हाताचा आणि कानाचा तयार. आल्या आल्या आम्हा सगळ्यांच्या पाया पडायला वाकला, मास्तरांनी पाय मागे घेतले. वाजवायला उभा राहिला तो मधल्या फुलीच्या जरा बाजूला, तेवढी समज त्याला होती. दादाच्या पाळीला त्याने पाळी घेतली, आणि सांगायला वाईट वाटतं, फार सुंदर वाजवली. आणि शेवटी त्याने स्वतःच एक उंच सूर धरून, वळवून, असा काही शेवट केला की सगळा हॉल उभा राहिला. आत आल्यावर आमच्यापैकी कोणी त्याच्याशी बोलेना. मी बेसला खोळ घालत होतो, धडाका काठ्या पुसत होता, त्या स्वच्छच होत्या. बिचारा दारात उभा राहून विचारता झाला, माझं काही चुकलं का? त्याचं काही चुकलं नव्हतं. चाल संपली होती, एवढंच. आतापर्यंत कशी का होईना, ती अर्धवट राहत होती. त्याने ती संपवली, आणि आम्हा चौघांना एकदम कळलं की दादा गेला. इतके दिवस तो जरा मागे राहिला होता. मास्तरांनी त्या मुलाला स्वतःच्या हाताने चहा दिला, पाठीवरून हात फिरवला आणि सकाळच्या गाडीने परत पाठवला.

तर आता दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम आपल्या गावात, येत्या शनिवारी संध्याकाळी, बाजारामागच्या हॉलमध्ये. आमचं चौघांचं एकमताने ठरलंय (हे आमच्या ताफ्यात पहिल्यांदाच घडलं) की त्या दिवशी दादाची चाल घ्यायचीच नाही. त्याच्या स्वतःच्या गावात, त्याला ओळखणाऱ्या माणसांसमोर, तिची अशी फरफट नको. एखादी जुनी, शेवट असलेली चाल वाजवू आणि उठू. तुम्ही यायची अजिबात तसदी घेऊ नका. हॉलच्या खुर्च्या लाकडी आहेत, तुमच्या गुडघ्याला पायऱ्या झेपायच्या नाहीत, आणि डासही फार. रविवारी सकाळी मीच घरी येऊन जाईन. काकूंना नमस्कार सांगा. जपून राहा.

तुमचा धाकटा दीर,
खांब

ता. क. नळासाठी वॉशर घेऊन ठेवला आहे, रविवारी येताना आणतो. बसवायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

पुन्हा ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, ते परत काढलं. दुपारची गोष्ट सांगायची राहिली. राहिली नव्हती, सांगत नव्हतो. या लॉजच्या मालकांनी आम्हाला सरावाला खालची धान्याची खोली दिली आहे. शेवटचं म्हणून, कोणी ऐकणारं नाही म्हणून, आम्ही दादाची चाल धरली. ती नेहमीसारखी चालली होती, कुठे जायचं ठाऊक नसल्यासारखी. तेवढ्यात स्वयंपाकघरातून लॉजच्या मालकीणबाईंनी हाक मारली: "अहो, पुरे झालं आता, चहा निवतोय!" त्या आम्हाला नाही म्हणाल्या. त्यांचे यजमान अंगणात स्कूटर पुसत होते, त्यांना म्हणाल्या. पण आम्ही चौघे थांबलो. एका ठोक्यावर, वहिनी, एका श्वासात, दादा असताना थांबायचो तसे. धडाक्याची काठी वरच राहिली. मग अंगणातून "आलो" असं ऐकू आलं आणि डॉक्टरीणबाई तांदळाच्या पोत्यावर मटकन बसल्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी तुमच्या घरात बाहेरच्या खोलीत वर्षानुवर्षं झोपलो, भिंतीपलीकडे दादा आवाज दबावा म्हणून तुमचा लोकरीचा मोजा ट्रम्पेटच्या तोंडात कोंबून (तुमचा एक पाय सगळा हिवाळा उघडा) ही चाल बसवत होता, आणि ती रोज कशी संपायची हे मी रोज ऐकत होतो. मागच्या खोलीतून स्वयंपाकघराचं दार डावीकडे आहे. म्हणून मान डावीकडे वळायची. हवा सोडायचा ती "आलो" म्हणायला. कोपर खाली यायचं कारण ट्रम्पेट खाली ठेवायचा असायचा, आणि टाच उचलायचा कारण तो तुमच्याकडे यायला निघालेला असायचा. चौघांचंही खरं होतं. स्टेजवर, कुठल्या कुठल्या परक्या गावांत, त्याला तुमची हाक ऐकू येत असणार. मास्तर ऐकून म्हणाले, म्हणजे ते अध्यात्म नव्हतं तर. मग थोड्या वेळाने म्हणाले, की होतंच.

तेव्हा आता कोहळा मागतो. शनिवारी या. काही ऐकवू नका म्हणालात ते विसरलो नाही, आणि हे मागणं किती जड आहे तेही कळतं मला. मागच्या अंगाने पायऱ्या नाहीत, धडाका दारात उभा राहील. डावीकडच्या दाराशी तुमच्यासाठी गादीची खुर्ची ठेवतो. आम्ही दादाची चाल घेऊ, आणि तुम्हाला वाटेल तेव्हा, घरी म्हणायचात तसंच म्हणा. माईकची गरज नाही, तुमचा आवाज बंद खिडकीतून दूधवाल्यापर्यंत जातो. ती चाल संपवायचा हक्क आमच्यापैकी कोणाचा नाही, त्या ट्रम्पेटवाल्या मुलाचाही नव्हता. तुम्ही थांबवलंत तर आम्ही थांबू. दुसऱ्या कोणी थांबवलं तर तो गेल्यासारखा वाटतो. तुम्ही थांबवलंत तर नुसता आत गेल्यासारखा वाटेल.

शेवटचा ता. क. तब्येती ठणठणीत म्हणालो ते खोटं आहे. मास्तर धड जेवत नाहीत, धडाका धड बोलत नाही, आणि सकाळी जिन्यावर माझा पाय सटकला नव्हता, डोळ्यांपुढे पायरी दिसली नाही. आणि एक. आलात तर लगेच पुरे म्हणू नका. घरीही तुम्ही लगेच म्हणायच्या नाहीत. भोंगा म्हणून नाक मुरडायचात, पण चहा गाळून झाला की कप हातात घेऊन त्या दाराआड उभ्या राहायचात, मी पाहिलंय. चहा निवायचा तो म्हणूनच. तेवढं वाजू द्या.